दोन नेटवर्क कार्डांचं लिनक्स मशीन आणि मधेच जाणारं नेट: बघायला सुरुवात कुठनं करायची

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या मामाचं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (मिलिंगची कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), एक सीएनसी लेथ, मागच्या बाजूला वेल्डिंग, आणि ऑफिसच्या कोपऱ्यात एक डेस्कटॉप ज्यावर मी डेबियन लिनक्स टाकून दिलंय. त्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एक मदरबोर्डवरचं, ते फायबरच्या राऊटरला, म्हणजे जीएसटी, ई-वे बिल, मेल, पार्टीकडनं येणारी ड्रॉइंगं सगळं तिकडनं. दुसरं नंतर स्लॉटमध्ये बसवलेलं, ते शॉपमधल्या स्विचला, आणि तिकडनं मशीनना प्रोग्रॅम जातात. रचना चांगली आहे, मशीनचे कंट्रोलर इंटरनेटपासनं लांब राहतात आणि ड्रॉइंग उतरवायला पेनड्राईव्ह घेऊन पळावं लागत नाही. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मामाचा फोन आला, "अरे नेट सकाळी चालतंय, दुपारी जातंय, परत आपोआप येतंय, आणि आज तर प्रोग्रॅम निम्मा जाऊन थांबला, पोरगं जॉब लावून नुसतं उभारलंय, बघ की जरा."

असला फॉल्ट सगळ्यात वाईट. पूर्ण बंद पडलेलं नेट दहा मिनिटात सापडतंय, पण येतंय-जातंय म्हटलं की माणूस राऊटर रिस्टार्ट करतो, तेवढ्यात चालू होतंय, आणि वाटतं राऊटरचाच प्रॉब्लेम होता. त्या कामात मला जे जे बघावं लागलं आणि नंतर दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी जे उपयोगी पडलं ते सगळं हितं क्रमानं लिहितोय. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर त्यांच्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनं आणि इंग्रजी आकड्यांनी टाकायच्या. ज्या कमांड सेटिंग बदलतात त्यांच्या आधी सुडो (म्हणजे ॲडमिनचा अधिकार) लावायचा, डीमेसेज आणि एआरपिंगलाही तो लागतो. उदाहरणात बाहेरचं कार्ड ईएनपी३एस० आणि आतलं ईएनपी४एस० धरलंय, तुमच्याकडं नावं वेगळी असतील ती घाला.

काहीही बदलायच्या आधी आत्ता जे आहे ते एका फाईलमध्ये साठवून ठेवा:

आयपी ॲड्रेस
आयपी रूट
आयपी रूल
कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

या चार कमांडचं आउटपुट, एकदा नेट चालू असताना आणि एकदा गेलेलं असताना. ही गोष्ट लय महत्त्वाची आहे, कारण दोन्ही फाईली शेजारी ठेवल्या की निम्म्या वेळा उत्तर तिथंच दिसतंय, एखादी ओळ एकात आहे आणि दुसऱ्यात नाही. मामाकडं तेच झालं, पण ते पुढं सांगतो.

मग तीन पिंग लावायचे (पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला सारखी हाक मारून उत्तर येतंय का बघणारी कमांड). तीन टर्मिनल उघडा, एकात राऊटरला पिंग, दुसऱ्यात आतल्या नेटवर्कवरच्या एखाद्या मशीनला, तिसऱ्यात बाहेरच्या जगातल्या एखाद्या पत्त्याला, मी १.१.१.१ घेतो:

पिंग -डी -ओ १९२.१६८.१.१
पिंग -डी -ओ १९२.१६८.१०.२१
पिंग -डी -ओ १.१.१.१

डी आणि ओ दोन्ही कॅपिटल. डी मुळं प्रत्येक ओळीला वेळ पडते, आणि ओ मुळं उत्तर नाही आलं तर तेसुद्धा छापून येतं, नाहीतर पिंग नुसता गप्प बसतो आणि नंतर बघणाऱ्याला कळत नाही. वेळ सेकंदांच्या मोठ्या आकड्यात येते, ती डेट -डी @ आणि पुढं तो आकडा असं टाकलं की साध्या घड्याळात मिळते, हितला डी मात्र स्मॉल. दिवसभर चालू राहू दे, आउटपुट फाईलमध्ये जाऊ दे. संध्याकाळी बघायचं की कोण कधी तुटलं. राऊटरचा पिंग ठीक आणि बाहेरचा तुटला तर एक तर लाईनवाल्याचा प्रश्न आहे नाहीतर तुमच्या मशीनला रस्ता चुकतोय. राऊटरचाच तुटला तर केबल, पोर्ट, कार्ड. आणि दोन्ही कार्डांवरचे पिंग एकाच सेकंदाला तुटले तर लाईट, किंवा कॉम्प्युटरचाच काहीतरी घोळ. मामाच्या मशीनवर बाहेरचा पिंग दुपारी १ नंतर सलग तुटला होता आणि आतला पिंग दिवसभर मधे मधे दोन-चार सेकंद, म्हणजे हे दोन वेगळे फॉल्ट होते आणि एकमेकांच्या अंगावर पडल्यामुळं एकच वाटत होते. म्हणूनच राऊटर बदलूनसुद्धा फरक पडला नव्हता.

आधी वायर

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला केबल तपासायचा कंटाळा असतोय, पण सुरुवात तिथनंच. पहिल्यांदा कुठलं कार्ड कुठलं हे नक्की करा, अंदाजानं नको.

आयपी -बीआर लिंक

ही कमांड दोन्ही कार्डं, अप का डाऊन, आणि मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर नंबर) दाखवते. आता एक केबल काढा, परत कमांड चालवा, जे डाऊन झालं ते त्या केबलचं कार्ड. ईथटूल -पी ईएनपी३एस० १० असं दिलं तर त्या पोर्टचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो, सगळी कार्डं हे करत नाहीत, केबल काढून बघणं मात्र कधी फसत नाही. मग मार्कर घेऊन कॅबिनेटवर "बाहेर" आणि "आत" लिहून टाका. धूळ पुसायला कोणीतरी केबली काढतो आणि उलट्या लावतो, हे मी स्वतः बघितलंय.

नंतर:

ईथटूल ईएनपी४एस०

यात स्पीड, डुप्लेक्स (पाठवणं-घेणं एकाच वेळी होतंय का, फुल म्हणजे होय, हाफ म्हणजे नाही) आणि लिंक डिटेक्टेड या तीन ओळी बघायच्या. गिगाबिट कार्ड, गिगाबिट स्विच आणि स्पीड १०० एमबी दाखवतंय म्हटलं की केबलवर संशय घ्या. कारण गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच, म्हणजे १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. एखादी जोडी तुटली किंवा क्रिंप (टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर) ढिला असला की लिंक १०० वर उतरते, नाहीतर वर-खाली करत बसते. आणि डुप्लेक्स हाफ दिसलं तर एका बाजूला कोणीतरी स्पीड हातानं फिक्स केलाय आणि दुसरी बाजू ऑटोवर आहे, असा प्रकार असतोय. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा. जुन्या मशीन कंट्रोलरला फिक्सच लागत असेल तर त्याला मधे स्वतंत्र स्विच पोर्ट द्या आणि तिथं दोन्हीकडं सारखंच फिक्स करा.

एरर मोजायला आयपी -एस लिंक शो ईएनपी४एस०, आणि जास्त तपशील पाहिजे तर ईथटूल -एस ईएनपी४एस०, हितला एस कॅपिटल. यात सीआरसी एररचा (वाटेत खराब झालेल्या पाकिटांचा, पाकीट म्हणजे डेटाचा तुकडा) आकडा एकदा लिहून घ्या, तासाभरानं परत बघा. आकडा किती आहे याला महत्त्व नाही, तो वाढतोय का याला आहे. ड्रॉप्ड बघून मात्र लगेच घाबरू नका, लिनक्सला न कळणाऱ्या प्रोटोकॉलची पाकिटंसुद्धा त्यात मोजली जातात, चांगल्या नेटवर्कवरही तो आकडा थोडा थोडा वाढत असतोय.

आणि हे:

डीमेसेज -टी

टी कॅपिटल, म्हणजे साधी वेळ दिसते. यात लिंक इज डाऊन, लिंक इज अप अशा ओळी शोधायच्या. मामाकडं आतल्या कार्डाच्या अशा ओळी भरपूर होत्या आणि पिंगच्या फाईलशी वेळा जुळवल्या तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकसुद्धा नव्हती. सुट्टीत काय बंद असतं? वेल्डिंग. जाऊन बघितलं तर केबल भिंतीवरनं सरळ वेल्डिंगच्या आणि एका मोटरच्या ड्राइव्हच्या पॉवर वायरला लागून, त्याच केबल-टायमध्ये बांधून पंधरा-वीस फूट गेलेली, आणि स्विचकडचा क्रिंप असा की चॉकलेटी जोडी नीट दाबलीच नव्हती. नवीन केबल टाकली, शुद्ध तांब्याची, पॉवरपासनं लांबनं नेली, जिथं ओलांडायचंच होतं तिथं काटकोनात ओलांडली. सीआरसीचा आकडा तिथल्या तिथं थांबला. केबल घेताना ती तांब्याची आहे का ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे एवढं विचारून घ्या, स्वस्त बॉक्समध्ये मुलाम्याचीच असते, ती क्रिंपजवळ तुटते आणि अंतर वाढलं की त्रास देते. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. दोन शेडच्या मधनं उघड्यावरनं केबल गेली असेल तर तिथं फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा, आपल्याकडं एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडली की अशा केबलवरनं झटका येऊन कार्डाचं पोर्ट अर्धमेलं होऊ शकतं, आणि अर्धमेलं पोर्ट पूर्ण मेलेल्यापेक्षा जास्त दिवस छळतं.

रस्ता कोण दाखवतो

आता खरी गोष्ट, म्हणजे दोन कार्डं असल्यामुळंच होणारा प्रॉब्लेम. आमच्याकडं पुण्याची एसटी सीबीएसवरनं (मध्यवर्ती स्टँडवरनं) सुटते, रंकाळा स्टँडला उभारून कितीही वाट बघितली तर ती तिथं येणार नाही. तुमच्या कॉम्प्युटरला दोन स्टँड आहेत, आणि बाहेरच्या जगाकडं जाणारी पाकिटं कुठल्या स्टँडला पाठवायची हे एका ओळीवरनं ठरतं, तिला डिफॉल्ट रूट म्हणायचं.

आयपी रूट

यात डिफॉल्ट या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी मोजा. एकच पाहिजे. दोन असतील आणि तुमच्याकडं इंटरनेटच्या दोन लाईनी नसतील तर फॉल्ट सापडला म्हणून समजा. दोन ओळी असल्या की लिनक्स त्यातली कमी मेट्रिकची (मेट्रिक म्हणजे पसंतीचा आकडा, कमी तो आधी) घेतो, आणि ती ओळ जिकडं जाते तिकडं इंटरनेट आहे का नाही हे कर्नल (लिनक्सचा गाभा) बघत नाही. खात्री करायला:

आयपी रूट गेट १.१.१.१

हे सरळ सांगतं की आत्ता या पत्त्याला पाकीट कुठल्या कार्डावरनं जाईल. त्यात आतल्या कार्डाचं नाव आलं की संपलं.

मग प्रश्न असा की आतल्या कार्डाला डिफॉल्ट रूट दिला कोणी? मामाकडं शॉपमध्ये स्विचला पोर्ट कमी पडले म्हणून कोणीतरी जुना वायफाय राऊटर स्विच म्हणून लावलेला, आणि त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) चालूच होता. आतलं कार्ड ऑटोमॅटिकवर. त्यामुळं तो जुना राऊटर कार्डाला पत्ता द्यायचा आणि सोबत "बाहेर जायचा रस्ता मीच" असंही सांगायचा, आणि त्याच्या मागं काहीच नाही. नेटवर्कमॅनेजर (लिनक्समधलं नेटची सेटिंगं सांभाळणारं सॉफ्टवेअर) वायरच्या पहिल्या कार्डाला मेट्रिक १०० देतो आणि दुसऱ्याला १०१, म्हणजे जे आधी उठलं त्याचा रस्ता चालतो. सकाळी मामा आधी राऊटरचं बटण दाबायचा आणि मग कॉम्प्युटर, तेव्हा बाहेरचं कार्ड पहिलं. दुपारी लाईट जाऊन आली की सगळं एकदम उठायचं, स्विच आणि जुना राऊटर लवकर, फायबरच्या राऊटरला मात्र दोन-तीन मिनिटं, तोपर्यंत आतल्या कार्डानं १०० पटकावलेला असायचा. मग कोणीतरी वैतागून कॉम्प्युटर परत रिस्टार्ट केला की गाडी रुळावर. "आपोआप येतंय" ते हे.

उपाय दोन भागात. जुन्या राऊटरचा डीएचसीपी बंद केला, आणि आतल्या कार्डाला फिक्स पत्ता देऊन सांगून टाकलं की तू कधीच डिफॉल्ट व्हायचं नाही. प्रोफाईलचं नाव मी "आत" ठेवलंय:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय आत कनेक्शन.इंटरफेस-नेम ईएनपी४एस०
एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय आत आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल आयपीव्ही४.ॲड्रेसेस १९२.१६८.१०.१०/२४
एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय आत आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट येस आयपीव्ही६.नेव्हर-डिफॉल्ट येस
एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय आत आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस
एनएमसीएलआय कनेक्शन अप आत

पहिली ओळ विसरू नका. प्रोफाईल कुठल्या कार्डाला बांधलेलंच नसलं तर ते कुठल्याही कार्डावर जाऊन बसू शकतं. आणि आतल्या कार्डाच्या गेटवेच्या रकान्यात काहीतरी भरलंच पाहिजे असं वाटून लोक तिथं पत्ता घालतात, ते करू नका, तो रकाना रिकामाच ठेवायचा. आतल्या मशीनशी बोलायला गेटवे लागत नाही, ती त्याच गल्लीत, म्हणजे त्याच नेटवर्कच्या पत्त्यांत, आहेत.

उबुंटू सर्व्हर असेल तर ही कामं नेटप्लॅनच्या फाईलमध्ये होतात, आतल्या कार्डाला डीएचसीपी ठेवायचाच असेल तर डीएचसीपी४-ओव्हरराइड्स खाली यूज-रूट्स फॉल्स आणि यूज-डीएनएस फॉल्स. तिथं नेटप्लॅन अप्लाय न करता नेटप्लॅन ट्राय करा, १२० सेकंदात तुम्ही एंटर दाबला नाही तर ते जुनं सेटिंग परत आणतं, लांबनं एसएसएचवर बसून काम करताना यानं माझी गोकुळ शिरगावची एक फेरी वाचलीय. जुन्या पद्धतीची /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस फाईल वापरत असाल तर त्यात गेटवे ही ओळ एकदाच, बाहेरच्या कार्डाखाली. आणि एका कार्डाचा कारभार एकाच्याच हातात असू दे. नेटवर्कमॅनेजर एकीकडनं आणि सिस्टमडी-नेटवर्कडी दुसरीकडनं त्याच कार्डाला पत्ते द्यायला लागले तर काय होतंय हे शोधता शोधता दिवस जातो.

दोन्ही कार्डं एकाच गल्लीत

शिरोलीत एका मित्राच्या शॉपला वेगळाच प्रकार होता. वर्षभर सगळं व्यवस्थित, मग इंटरनेटची लाईन बदलली, नवीन राऊटर आला आणि त्या दिवसापासनं मशीन कधी सापडतंय कधी नाही. आतलं नेटवर्क १९२.१६८.१ चं होतं आणि नवीन राऊटरसुद्धा १९२.१६८.१.१ घेऊन आलेला. म्हणजे दोन वेगळ्या वायरींवर एकच गल्ली. अशा वेळी आयपी रूटमध्ये १९२.१६८.१.०/२४ ची ओळ दोनदा दिसते, एकदा एका कार्डाची आणि एकदा दुसऱ्याची, आणि लिनक्स त्यातली एकच वापरतो. मशीनसाठीचं पाकीट राऊटरच्या वायरवर जातं आणि तिथं ते मशीन कोणाला माहीतच नसतं.

दोन्ही कार्डं एकाच स्विचला लावली असतील तर याहून अवघड गंमत होते, कारण लिनक्समध्ये आयपी पत्ता हा कार्डाचा नसतो, पूर्ण मशीनचा असतो. "हा पत्ता कोणाचा?" अशी हाक आली की एआरपीचं उत्तर दोन्ही कार्डं देऊ शकतात, मग समोरच्याकडं कधी या कार्डाचा मॅक नोंदला जातो कधी त्या. याला एआरपी फ्लक्स म्हणतात. स्पीड वाढेल म्हणून दोन कार्डं एकाच स्विचला वेगवेगळे पत्ते देऊन लावणारे लोक हमखास यात सापडतात, त्यांनी बाँडिंग (दोन कार्डं मिळून एकच कार्ड दिसणं) करावं, मोड ॲक्टिव्ह-बॅकअप, तो साध्या स्विचवरही चालतो, स्पीड मात्र त्यानं वाढत नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे एक गल्ली बदलणं. कुठली बदलायची? मशीनच्या कंट्रोलरमध्ये पत्ते बदलणं म्हणजे प्रत्येक मशीनपुढं उभारून मेनू शोधायचे आणि मशीन तेवढा वेळ बंद, म्हणून राऊटरच्या बाजूची बदला. राऊटरच्या पेजवर जाऊन लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला, बाहेरचं कार्ड डीएचसीपीवर होतं, त्यानं आपोआप नवीन पत्ता घेतला. काम दहा मिनिटांचं होतं आणि मित्रानं त्यासाठी तीन आठवडे मनस्ताप काढला. एआरपी_इग्नोर १ आणि एआरपी_अनाउन्स २ अशी कर्नलची सेटिंगंही आहेत, पण ती जिथं गल्ली बदलणं खरंच शक्य नाही तिथंच वापरा.

मशीन कधी सापडतंय कधी नाही याचं अजून एक कारण म्हणजे दोन डब्यांना एकच पत्ता. डीव्हीआर, प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, प्रत्येकजण येऊन आपापला फिक्स पत्ता टाकून जातो. एआरपिंग -आय ईएनपी४एस० १९२.१६८.१०.२१ असं टाका, हितला आय कॅपिटल, आणि उत्तरात दोन वेगळे मॅक पत्ते आले तर दुसरा डबा हुडका. पत्त्यांची वही ठेवा, नुसती शाळेची वही चालते.

नेट आहे पण पेज उघडत नाही

१.१.१.१ चा पिंग व्यवस्थित आणि ब्राउझर मात्र प्रत्येक पेजला अडखळतोय, मग उघडतोय, असं असेल तर डीएनएस बघा, म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर. आतल्या कार्डानं कुठनंतरी मेलेल्या डीएनएसचा पत्ता उचललेला असतो आणि तो यादीत पहिला येतो. रिझॉल्व्हर (कॉम्प्युटरमधला डीएनएसला विचारणारा भाग) नेहमीच्या सेटिंगला एका सर्व्हरसाठी ५ सेकंद थांबतो आणि मग पुढच्याला विचारतो, म्हणून ते "उघडतंय पण उशिरा". कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ नं यादी दिसते, त्यात १२७.०.०.५३ दिसलं तर खरी यादी रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये, तिथं प्रत्येक कार्डाचे डीएनएस वेगळे दाखवतात आणि आतल्या कार्डाखाली काहीच नसायला पाहिजे. वरची इग्नोर-ऑटो-डीएनएसवाली ओळ यासाठीच होती.

छोटी पेजं उघडतात, मोठी फाईल किंवा लॉगिन मधेच लटकतंय, असं असेल तर एमटीयू बघा, म्हणजे एका पाकिटाचं जास्तीत जास्त माप. पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्डनं जोडणाऱ्या) लाईनवर १५०० चं पाकीट मावत नाही, १४९२ मावतं.

पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१

एम कॅपिटल, एस स्मॉल. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. हे गेलं नाही आणि १४६४ गेलं तर बाहेरच्या कार्डाचा एमटीयू १४९२ करा. सहसा राऊटरच हे सांभाळून घेतो, पण ब्रिज मोडमध्ये (लाईन नुसती पुढं द्यायच्या सेटिंगला) टाकलेला असेल तर नाही.

खरंच दोन लाईनी असतील तर

काही जणांकडं दोन कार्डं म्हणजे दोन इंटरनेट, एक बंद पडलं तर दुसरं. तिथं दोन डिफॉल्ट रूट बरोबर आहेत, पण मेट्रिक हातानं ठरवा, मुख्य लाईनला आयपीव्ही४.रूट-मेट्रिक १००, दुसरीला २००, नशिबावर सोडू नका. आणि हे समजून घ्या की मुख्य लाईनचा फायबर बाहेर रस्त्यावर तुटला तरी तुमच्या राऊटरपर्यंतची केबल जिवंत असते, म्हणून कर्नलला लाईन चालूच वाटते आणि तो दुसरीकडं वळत नाही. नेटवर्कमॅनेजरची कनेक्टिव्हिटी तपासणी चालू असेल तर तो जिथनं इंटरनेट मिळत नाही त्या रूटच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो आणि मग दुसरी लाईन पुढं येते. तपासणी ठरलेल्या वेळानं होते, त्यामुळं लगेचच्या लगेच बदल होत नाही, थोडा धीर धरावा लागतो.

दुसरा त्रास असा की बाहेरनं कोणीतरी दुसऱ्या लाईनच्या पत्त्यावर आत येतो आणि उत्तर जातं पहिल्या लाईननं, मग ते मधेच टाकलं जातं. इथं सोर्सप्रमाणं रूट लावावे लागतात:

आयपी रूट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.५०.१ डेव्ह ईएनपी३एस० टेबल १०१
आयपी रूल ॲड फ्रॉम १९२.१६८.५०.१० टेबल १०१

आणि दुसऱ्या कार्डाला त्याच्या पत्त्यांनी अशाच दोन ओळी, टेबल १०२. या ओळी रिस्टार्टनंतर जातात, चाललं तर नंतर प्रोफाईलमध्ये कायमच्या घाला. हे करूनही पाकिटं गायब होत असतील तर आरपी_फिल्टर बघा. त्याची किंमत १ असली की कर्नल असं बघतो की या पाठवणाऱ्याला उत्तर द्यायचं झालं तर ते याच कार्डावरनं गेलं असतं का, नसेल तर पाकीट गुपचूप टाकून देतो, लॉगमध्येसुद्धा सहसा काही येत नाही. २ म्हणजे ढिली तपासणी, दोन लाईनींना तीच ठेवा. सगळ्यांसाठीची आणि त्या कार्डाची अशा दोन किंमती असतात आणि त्यातली मोठी लागू होते, म्हणून एकच बदलून "काही फरक नाही" म्हणू नका. एनस्टॅट -एझेड च्या यादीत आयपीरिव्हर्सपाथफिल्टर नावाचा आकडा वाढत असेल तर चोर तोच.

कार्ड आणि ड्रायव्हरवर मी शेवटी येतो, कारण लोक तिथनंच सुरुवात करतात आणि नवीन कार्ड आणून बसतात. डीमेसेजमध्ये नेटडेव्ह वॉचडॉग आणि ट्रान्समिट क्यू टाइम्ड आऊट अशी ओळ आली असेल तरच तिकडं वळा. एलएसपीसीआय -एनएनके नं चिप आणि ड्रायव्हर दिसतो. रिअलटेकच्या चिपवर वीज वाचवायची सोय कधी कधी आडवी येते, ईथटूल --सेट-ईईई ईएनपी३एस० ईईई ऑफ करून एक दिवस बघा, त्यानं नाही झालं तर बूटच्या ओळीत पीसीआयई_एएसपीएम=ऑफ. एका वेळी एकच, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. यूएसबीचं नेटवर्क कार्ड असेल तर ते पुढच्या पोर्टला नको, मागं मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. आणि कॉम्प्युटरमध्ये नवीन ग्राफिक कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवल्यावर नेट गेलं असेल तर कार्डाचं नाव बदललं का बघा, ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होऊ शकतं कारण ते नाव पीसीआय बसच्या (कार्डं जोडायच्या मदरबोर्डवरच्या वाटेच्या) क्रमांकावरनं पडतं, मग सगळी सेटिंगं भलत्याच कार्डाला लागतात. फायरवॉलडी (लिनक्सची फायरवॉल) वापरत असाल तर त्याचा झोनही तेव्हाच तपासा, आतलं कार्ड पब्लिक झोनमध्ये जाऊन पडलं की फोल्डर शेअर दिसायचा बंद होतो आणि पिंग मात्र चालू राहतो.

सगळं झाल्यावर एक परीक्षा घ्यायचीच. राऊटर बंद ठेवून कॉम्प्युटर चालू करा, पाच मिनिटांनी राऊटर चालू करा, नेट आलं पाहिजे. मग उलटं, आतला स्विच बंद ठेवून सुरू करा. मग मेन स्विचवरनं सगळं एकदम बंद-चालू, लाईट गेल्यासारखं. प्रत्येक वेळी आयपी रूट बघा, डिफॉल्टची ओळ एकच आणि बाहेरच्या कार्डाचीच असली पाहिजे. मामाकडं हे तिन्ही प्रकार दोनदा केले, तीन पिंग आठवडाभर तसेच चालू ठेवले, आतल्या फाईलमध्ये एकच खंड सापडला आणि तो शनिवारी स्विचचा प्लग काढून कोणीतरी ग्राइंडर लावला तेव्हाचा होता, त्या प्लगवर आता चिकटपट्टी आहे.